न बसणारे आमदार

आमच्या किसनराव आमदारांना मी त्यांच्या मतदारसंघात बसलेलं फक्त एकदा पाहिलं. ते शेवटी सांगतो. एरवी हा माणूस त्या हद्दीत शिरला की उभा. औरंगाबादला आमच्या गल्लीत ते चारचौघांसारखे बसत. माझ्याकडे आले की खुर्चीवर चक्क मांडी घालत आणि चहा येईपर्यंत उठायचं नाव घेत नसत. पण वैजापूरची एस.टी. एका ठरावीक ओढ्यावरून पलीकडे गेली, की त्यांचा मतदारसंघ सुरू व्हायचा आणि किसनराव उठायचे.

तेव्हा एस.टी.त एका बाकावर 'आमदार' असं रंगवलेलं असे. त्या बाकावर ते एखाद्या म्हातारीला बसवत आणि स्वतः वरचा दांडा धरून तिच्या शेजारी उभे राहत. पाटीखाली म्हातारी आणि दांड्याला आमदार, अशी ती गाडी धक्के खात जायची. कंडक्टर हात जोडायचा.

"साहेब, बसा ना. कुणी बघितलं तर आमच्यावर येतंय."

"येणार नाही. खुलासा असा की, इथून पुढं मी उत्तर देणारा आहे. विचारणाऱ्यानं बसावं, देणाऱ्यानं उभं राहावं. विधानसभेत मंत्रीसुद्धा उभे राहूनच उत्तर देतात."

"पण हितं कोण विचारून ऱ्हायलं तुम्हाला?"

"विचारतील. गाव यायचंय अजून."

ती म्हातारी मात्र सगळ्या वाटेत अवघडून बसलेली असायची. एकीनं तर मला हळूच विचारलं होतं, "बाबा, ह्या जागेचं तिकीट जास्ती हाय का?"

'खुलासा असा की' हे किसनरावांचं पालुपद. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, मग मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि किसनराव निवडून मुंबईला गेले. पण जिभेवरचे दरखास्त, मंजुरी, तहकूब, खुलासा हे शब्द काही खाली उतरले नाहीत. भाषणाचे मुद्दे ते उर्दू लिपीत काढत आणि मराठीत बोलत. कागद उजवीकडून डावीकडे वाचणारा हा धोतर-टोपीतला माणूस पाहून पुण्याकडचे आमदार म्हणे एकमेकांना कोपरानं ढोसत.

खुलासा करायला त्यांना विषय लागत नसे. मंडईतून वांगी आणली, तर ती काटेरीच का घेतली, कुणाकडून घेतली आणि दोन किडकी का निघाली, याचा खुलासा ते गयावहिनींना देत. त्यांच्या या पत्नी वर्षातले काही महिने गावाकडे आणि काही महिने आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत असत. वहिनी शेगडीपुढून मान वर न करता म्हणत, "मला भाजी पाहिजे व्हती. भाषण तुम्ही मुंबईला ठेवून या."

"अगं, पण तुला कळायला नको?"

"किडकी हाईत ते दिसतंय मला."

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. किसनरावांना वाटे, करांबद्दल याला सगळं ठाऊक असणार. अधिवेशन संपवून आले की ते कागदांची थैली घेऊन माझ्याकडे येत. "प्राध्यापक, विक्रीकर मला समजावा. पण असा समजावा, की मी तो सखूबाईला समजावू शकेन." मी समजावत असे. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "तुम्हाला कळलंय, पण सखूबाईला नाही कळणार. पुन्हा एकदा." ही सखूबाई कोण, असा मला प्रश्न पडला होता. तेवढ्यासाठी एकदा मी त्यांच्याबरोबर गावाला गेलो आणि मग जातच राहिलो.

त्यांचं गाव लोणदरी, वैजापूरच्या पुढं. मुंबईचं किंवा नागपूरचं अधिवेशन संपलं, की त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला किसनराव तिथं जबाब द्यायला जात. 'जबाब' हा त्यांचाच शब्द. बाकीचे आमदार गावी आले की हारतुरे घेतात. हे आरोपीसारखे यायचे.

आधी कोटाबद्दल सांगायला हवं. किसनराव गुडघ्यापर्यंतचा, गळ्याशी बंद होणारा पांढरा कोट घालत. त्या कोटाला एकही खिसा नव्हता. चष्मा टोपीत, रुमाल बाहीत आणि एस.टी.चा पास थैलीत, असा सगळा संसार त्यांना विखरून ठेवावा लागे. बोलता बोलता मान लववली की चष्मा टोपीतून खाली पडायचा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, शिंप्याकडून एक खिसा लावून का घेत नाही?"

"शिंपी लावत नाही."

तो शिंपी म्हणजे लोणदरीचे करीमभाई. लोणदरीत त्यांचं छोटं दुकान होतं आणि बाजाराच्या दिवशी ते मशीन बाहेर आणून लिंबाखाली मांडत. उंच, हाडकुळे, तोंडात कायम टाचणी. मी त्यांना खिशाचं विचारलं, तेव्हा टाचणी काढून ते म्हणाले, "आमदाराच्या कोटाला खिसा असला, की कुणी ना कुणी त्यात काई ना काई घालतंय. नसलेला बरा." आणि टाचणी पुन्हा तोंडात ठेवली.

तर जबाबाची पद्धत अशी. बाजार जरा ओसरला, की लोक लिंबाखाली बसत. सभेला अध्यक्ष हवा, म्हणून किसनरावांनी भाजीवाल्या सखूबाईला कायमचं अध्यक्ष केलं होतं. कारण तिनं डोळे वटारले की पाटीलसुद्धा गप्प बसत. तिला उठायला वेळ नसे. ती आपल्या टोपल्यांमागंच बसून सभा चालवी. कुणी मध्ये बोललं, की शेराचं वजन तराजूच्या पारड्यावर आपटी. किसनराव तिच्याकडे तोंड करून, हात जोडून सुरुवात करत, "अध्यक्ष महाराज."

"महाराज नको म्हणू रं किसन. लोक हासत्यात."

"तसा रिवाज आहे, अध्यक्ष महाराज."

"बरं बोल. मला उन्हं उतरायच्या आत घरी जायचंय."

आणि दुसरं पद विरोधी पक्षनेत्याचं. ते करीमभाईंकडे होतं. किसनरावांचं म्हणणं असं, की विरोध करायला कुणी नेमून दिलेला नसला, तर लोक तोंडावर माना डोलावतात आणि घरी जाऊन शिव्या देतात.

शिक्षण कराचा जबाब मला जसाच्या तसा आठवतो. त्या वेळी हा कर नवा होता आणि लोक चिडलेले होते. किसनराव बाजारभर फिरले आणि प्रत्येक मिरचीवालीकडून मूठभर मिरच्या मागून आणल्या. सखूबाईच्या पारड्यात त्यांचा ढीग झाला.

"अध्यक्ष महाराज, हा शिक्षण कर. सगळ्यांनी दिला म्हणून एवढा झाला. यातून मास्तर येतात, फळा येतो, खडू येतो."

"मिरच्या माझ्याबी हाईत त्यात," एक बाई म्हणाली.

"आहेत. म्हणूनच सांगतोय कुठं जातात ते." त्यांनी पारड्यातून ओंजळभर मिरच्या उचलून थैलीत टाकल्या. "या मुंबईकडं गेल्या." पुन्हा ओंजळ. "या तिकडं घाटावरच्या शाळांना. तिथं आधीपासून वर्ग आहेत, त्यांचा खर्च चालू असतो." अशा करत करत तळाशी थोड्याशा उरल्या. "या औरंगाबाद जिल्ह्याला." त्याही त्यांनी उचलल्या.

पारडं रिकामं झालं. लोक वाट पाहत होते.

"आन लोणदरीला?" मागून कुणीतरी विचारलं.

"खुलासा असा की, लोणदरीला काही उरलं नाही."

क्षणभर कुणाला कळेना की हसावं का. मग सखूबाईनं पारड्यावर वजन आपटलं. "सभेचं मागनं बघू. किसन, आधी बायांच्या मिरच्या माघारी दे."

एवढा हशा मी कुठल्याच राजकीय सभेत ऐकला नाही. किसनराव मिरच्या परत वाटत होते आणि वाटता वाटताही बोलत होते. कर चुकवू नका, कर नसला तर पारड्यात पडणारच नाही काही. पडलेलं इकडं वळवायचं काम माझं आहे आणि ते मला अजून जमलेलं नाही. कुठला आमदार असं बोलतो, मला सांगा.

सगळ्यांत शेवटी करीमभाई मशीन थांबवत. सभा त्यांच्याच प्रश्नावर संपते हे गावाला माहीत होतं, त्यामुळे त्यांनी पाय उचलला की लोक बोलायचे थांबत. त्यांचा प्रश्न दर वेळी एकच असे.

"आमदारसाहेब, गावची वस्तानिया परत कधी सुरू व्हणार?"

वस्तानिया म्हणजे निजामाच्या काळातली मिडल स्कूल. लोणदरीत सातवीपर्यंतचे वर्ग होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते बंद पडले ते पडलेच. नंतर चौथीपर्यंतची शाळा तेवढी सुरू झाली. पुढं शिकायचं तर पोरांनी तालुक्याला जायचं आणि पोरींनी घरी बसायचं.

या प्रश्नाला किसनराव थट्टा करत नसत. टोपी नीट करून, सरळ उभे राहून ते सांगत, "अध्यक्ष महाराज, सुरू झाली नाही. मी सभागृहात बोललो. मंत्र्यांनी विचार करू म्हणून सांगितलं. हा खुलासा पुरेसा नाही, हे मला मान्य आहे."

सखूबाई विचारी, "समाधान झालं का रं, करीम?"

"नाय झालं."

सखूबाई वजन आपटी. किसनराव हात जोडून म्हणत, "मग पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा उभा राहतो." की सभा संपली. मग करीमभाई मशीनची वादी काढू लागत आणि किसनराव त्यांच्या शेजारी जाऊन, उभ्या उभ्याच, बशीतून चहा पीत. करीमभाई स्टूल पुढं सरकवत. किसनराव त्या स्टुलाकडे बघतसुद्धा नसत.

मला या करीमभाईंचा राग यायचा. मला वाटे, हा माणूस एका भल्या आमदाराला गावासमोर दर वेळी नापास करतो आणि त्यात त्याला मजा वाटते.

पुढची निवडणूक किसनराव हरले. हरणारच होते. समोरच्या उमेदवारानं गावोगाव सांगितलं, की मी आलो की शिक्षण कर बंद. कार्यकर्त्यांनी किसनरावांचे पाय धरले, अण्णा, निदान मतदान होईपर्यंत कराचा विषय काढू नका. ते म्हणाले, "लोकांच्या मनात तोच विषय आहे, आणि मी गप्प बसू?" प्रत्येक सभेत ते कराचा खुलासा देत राहिले. लोक प्रेमानं ऐकत, मान डोलावत आणि जाऊन दुसऱ्याला मत देत. निकालाच्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि मांडी घालून बसले. मीच म्हटलं, "आता तरी जबाब देण्यातून सुटका झाली, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच बोललो असं झालं. "सुटका कशी? प्रश्न तर तसाच आहे."

आणि ते जातच राहिले. आता ते अधिवेशनाला जात नव्हते, तर वर्तमानपत्रं वाचून, ओळखीच्या आमदारांना गाठून माहिती काढत, आणि अधिवेशन संपलं की बाजाराला लोणदरीत हजर. लोक कमी झाले. ज्याच्या हातात काही नाही, त्याचा जबाब कोण ऐकणार? सखूबाई तेवढी वजन घेऊन बसायची. एस.टी.तही त्यांचं उभं राहणं सुटलं नाही. एकदा तर अर्धी गाडी रिकामी होती. नवा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बसून घ्या की, पडाल. लई जागा हाय."

"बसता येत नाही, बाळा," ते म्हणाले. खुलासाही त्यांनी दिला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. हा माणूस आता म्हातारा झालाय आणि आपण सगळे ज्याला गंमत समजत आलो ती गंमत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी सभेला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. करीमभाईंनी तोच प्रश्न विचारला आणि तसंच 'नाय झालं' म्हटलं. किसनराव घराकडे गेले, तसा मी करीमभाईंच्या दुकानात शिरलो आणि जरा चढ्या आवाजातच बोललो.

"करीमभाई, आता ते आमदार नाहीत. पायांना सूज आहे त्यांच्या. एकदा 'झालं समाधान' म्हणायला तुमचं काय जातं?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग दोरा तोडला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा, प्राध्यापक. तुम्ही तरी बसा."

मी बसलो.

"वस्तानियाचे मास्तर कोण व्हते, ठावं हाय तुम्हाला?"

"नाही."

"माझे थोरले भाऊ. हुसेन मास्तर. किसन त्यांचाच चेला. मला शाळा झेपली नाय, भाईजाननं मला सुई दिली. किसनला उर्दू दिली, गणित दिलं. घरचं खायला दिलं. भाईजान म्हणायचे, ह्यो पोरगा एक दिवस मोठ्या दरबारात बोलंल."

त्यांनी टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या गादीत खोचली.

"पुढं किसन निजामाच्या विरोधात गेला, सरहद्दीवरच्या कॅम्पात. भाईजान कधी वाईट बोलले नाय त्याला. मग ॲक्शन झाली. लष्कर आलं, राज्य पलटलं. चारी बाजूनं लई वंगाळ कानावर यायचं. आमी घराबाहेर पाय काढत नव्हतो. आन भाईजाननं एक दिवस शाळेच्या किल्ल्या घेतल्या. म्हणले, सरकार बदललं, आता नव्या सरकारला शाळेचा चार्ज द्यायला पायजे. मी तहशिलीत जाऊन येतो."

"तशा दिवसांत?"

"समदे पाया पडले. माझी माय दारात आडवी झाली. ते म्हणले, माझ्याकडं सरकारी किल्ल्या हाईत, त्या ठेवून घेतल्या तर ती चोरी व्हईल. शेरवानी घातली, खिशात किल्ल्या घातल्या आन निघाले." करीमभाईंनी दोरा बोटाला गुंडाळला. "तहशिलीत पोचले नाय. माघारी बी आले नाय."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"काई दिवसांनी किसन आला. झेंडा घेऊन. समदा गाव येशीवर, ढोल, गुलाल. मी लिंबाखाली हुबा व्हतो. त्यानं मला बघितलं, तसा धावत आला. मी इचारलं, किसन, भाईजान कुठं हाईत? आता तुमचं राज हाय, तर काई खुलासा?"

'खुलासा' हा शब्द मी हजार वेळा ऐकून हसलो होतो. त्या दिवशी तो ऐकवेना.

"तो गुलाल तसाच अंगावर घेऊन तहशिलीत गेला. चौकीवर गेला, औरंगाबादला गेला, लष्कराच्या साहेबापाशी गेला. कुणी काई सांगितलं नाय. आठ-पंधरा दिवसांनी आला आन हितं, ह्या दुकानात, माझ्यापुढं हुबा राहिला. म्हणला, करीम, खुलासा मिळाला नाय. मिळंपर्यंत मी तुझ्यापुढं बसणार नाय. मी म्हणलं, बस रे, तू काय केलंस? तो बसला नाय. तवापासनं बसला नाय." ते थोडं हसले. "मतदारसंघ, विधानसभा, ते समदं मागनं आलं. तुम्हाला वाटतंय तो लोकांपुढं हुबा हाय. तो माझ्यापुढं हुबा हाय, प्राध्यापक."

"मग तुम्ही 'झालं' का म्हणत नाही?"

"म्हणलं तर तो बसंल. आन तो बसला, तर माझ्या भावाचं इचारणारं दुनियेत कोण ऱ्हायलं?"

मी उठलो. कोटाला खिसा का नाही, हे मला आता विचारायचं नव्हतं.

वर्ग मंजूर झाले ते आणखी काही वर्षांनी, नव्या आमदारांच्या काळात. कर बंद करतो म्हणणाऱ्यांनी कर चालूच ठेवला होता आणि त्याच करातून लोणदरीला पाचवी ते सातवीचे वर्ग मिळाले. फीत कापायला मोठी मंडळी आली. किसनराव मागं, कुंपणाशी उभे होते. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. त्यांना ते खुपलं असंही दिसलं नाही. ते वर्गात जाणाऱ्या पोरींकडे बघत होते आणि चष्मा पुसायला बाहीतला रुमाल शोधत होते.

पुढच्या बाजाराला ते लिंबाखाली आले. सखूबाईला आता नीट दिसत नव्हतं, पण वजन तिनं हातात घेतलं. किसनराव म्हणाले, "अध्यक्ष महाराज, वर्ग सुरू झाले. किल्ल्या नव्या हेडमास्तरांकडं दिलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या." एवढं बोलून ते करीमभाईंकडे वळले. सखूबाईनं नेहमीसारखं विचारलं,

"समाधान झालं का रं, करीम?"

करीमभाईंनी तोंडातली टाचणी काढली. जमलेल्यांना वाटलं, आता तरी हा म्हातारा हो म्हणेल.

"नाय झालं," ते म्हणाले.

लोक चिडले. एकजण तर म्हणाला, की ह्याला कायमचाच विरोध करायची खोड हाय. किसनरावांनी मात्र हात जोडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कृतज्ञतेसारखं काहीतरी दिसलं. शाळेचा प्रश्न संपला होता, पण मूळ प्रश्न कुणी पुसून टाकला नव्हता. "मग पुन्हा उभा राहतो," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना फार दिवस उभं राहता आलं नाही. आधी पाय गेले, मग एक बाजू लुळी पडली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा वहिनींनी त्यांना लोणदरीला नेलं. बाजाराच्या दिवशी मी भेटायला गेलो. ते ओसरीवर बाजेवर पडून होते. बोलणं जड झालं होतं, पण माझं ऐकून डोळे हलले. "प्राध्यापक," ते म्हणाले. "यंदा... बजेट?" मी सांगू लागलो, तर मध्येच त्यांनी मान हलवली. सखूबाईला कळलं नसतं असंच मी सांगत असणार.

तेवढ्यात वहिनी आतून कोट घेऊन आल्या. "करीमभाईंची यायची वेळ झाली. कोट घातल्याबिगर ऐकत नाईत," त्या मला म्हणाल्या. "दर बाजाराला असंच. भाईंचा आवाज आला की उठू बघतात. मागं एकदा पडले, कपाळाला खोक पडली. मी भाईंना म्हणलं, तुम्ही येऊ नका. तर ते गल्लीच्या तोंडापातूर येतात आन तिथनंच माघारी जातात. मग ह्यांना जेवण जात नाय. म्हणून आज मीच बोलावलं." बोलता बोलता त्यांना रडू आलं आणि त्यांनी कोटाच्याच बाहीनं डोळे पुसले. "काय करावं मी दोघांचं?"

आम्ही दोघांनी मिळून त्यांना कोट घातला. अंग वाळून गेलं होतं, कोट लोंबत होता.

दारात चपलांचा आवाज झाला. करीमभाई आले. मला तेही एकदम थकलेले वाटले. ते अंगणातच थांबले, पुढं यावं की नाही अशा विचारात. आणि इकडं किसनरावांनी चांगल्या हातानं बाजेचा खूर धरला आणि पाय खाली सोडले. वहिनी धावल्या, तसं त्यांनी त्यांना मानेनंच अडवलं. अंग थरथरत होतं. अर्धे उठले, गुडघे वाकलेले, घाम फुटलेला. टोपी कलंडली आणि आतला चष्मा खाली पडला.

करीमभाई झपाझपा पुढं आले. त्यांनी दोन्ही हातांनी किसनरावांचे खांदे धरले. वर ओढलं नाही आणि खाली दाबलंही नाही, नुसते धरले.

"किसन," ते म्हणाले. "समाधान झालं माझं. बस आता."

किसनराव त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ वाकडे होत होते, शब्द जुळत नव्हता. मग जुळला.

"खोटं... बोलतोस, करीम."

"व्हय," करीमभाई म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. "खोटं बोलतोय. तरी बस."

किसनराव बसले. करीमभाई त्यांच्या शेजारी, त्याच बाजेवर बसले. वहिनींनी चहा केला, तो दोघांनी एकाच कपातून घेतला; करीमभाई बशीत ओतून त्यांच्या ओठांना लावत होते. कुणीच काही विचारलं नाही.